एकही पत्ता न टाकता

“तो पत्ता का टाकलास?” आई माझ्या खांद्यामागून म्हणाली, आणि ते दोनशे तेरा लोकांनी ऐकलं.

दोनशे तेरा हा तेव्हा माझ्या दृष्टीने मोठा आकडा होता. मी इंटरनेटवर व्हिडिओ गेम खेळायचो आणि खेळता खेळता मराठीत बडबडायचो. ती बडबड ऐकायला लोक यायचे आणि शेजारच्या चौकटीत आपली मतं लिहायचे. याला स्ट्रीमिंग म्हणतात हे मी आईला तीनदा समजावलं होतं. ती शेजारणींना ‘तो कॉम्प्युटरवर बोलतो’ एवढंच सांगायची आणि शेजारणी सहानुभूतीने मान हलवायच्या.

“आई, मी लाइव्ह आहे.”

“असू दे की. चांगला होता पत्ता. का टाकलास?”

“कामाचा नव्हता.”

“आज नसेल. उद्या लागला म्हणजे?”

मी हेडफोन काढला. समोर लिहिणाऱ्यांची झुंबड उडाली होती. ‘काकू बरोबर बोलतायत.’ ‘काकूंना खेळू द्या.’ आईने चष्मा सावरून वाचलं आणि म्हणाली, “हे विटेकर कोण? समजूतदार दिसतात.”

आता हे पत्ते कसले, ते सांगतो. मोठ्या कंपन्यांचे, गोळ्या झाडायचे गेम मी खेळत नसे. माझा जीव दोन-तीन माणसांनी एका खोलीत बसून केलेल्या छोट्या गेमवर. त्यातही एका जातीवर. त्यात तुम्ही खाली खाली उतरत जाता आणि मेलात की पहिल्यापासून; जमवलेलं सगळं गेलं. आणि लढायचं पत्त्यांनी. सुरुवातीला हातात दहा फडतूस पत्ते असतात, दर लढाईनंतर एक नवा मिळतो, असा आपला कॅट आपणच रचत जायचा. असा प्रत्येक नवा गेम मी तासभर खेळून मत द्यायचो. एका बेटावरच्या पोस्टमनचा गेम होता, त्याबद्दल मी म्हणालो होतो, “चित्रं देखणी, पण पत्त्यांची खिरापत वाटलीय. मागेल त्याला पत्ता दिला की कशाचीच किंमत राहत नाही.” मेंढपाळाच्या एका गेमबद्दल म्हणालो होतो, “बावीस वेळा मेलो, एकदाही राग आला नाही.” लोकांना ते आवडायचं.

पण माझं खरं प्रवचन एकच होतं. कॅट बारीक ठेवा. नवशिका पत्ते गोळा करतो, जाणता पत्ते टाकतो. या खेळांत दुकान लागतं आणि तिथे आपला नकोसा पत्ता कायमचा काढून टाकता येतो. मी तिथेच थांबून तळमळीने सांगायचो, की मंडळी, टाका. मोह ठेवू नका. कॅटमध्ये अकरा पत्ते ठेवा, पण एकेक कामाचा. असं मी सव्वा वर्ष सांगत होतो. त्याआधी काय काय केलं ते सांगत बसत नाही.

आमचं घर फलटणला. पुढच्या खोलीत आईचा शिवणक्लास, सात मशिनं. मधे बोळ, त्यात माझं टेबल. बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला मागची खोली. तिचं दार अर्धंच उघडायचं, कारण आत गाठोडी होती. जुन्या साड्यांत बांधलेली, एकावर एक, छतापर्यंत. त्यात काय आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची गरजही वाटली नव्हती. आई काहीच टाकत नसे. श्रीखंडाचे डबे, मिठाईच्या खोक्यांचे दोरे, लग्नपत्रिकांची पाकिटं, मोडक्या छत्रीच्या काड्या. सगळ्याला तिचं उत्तर ठरलेलं: लागेल कधीतरी. वडील साताऱ्याला नोकरीला, ते शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे. खोलीचा विषय निघाला की ते पेपर वर धरायचे.

आणि विषय रोज निघायचा, कारण मला ती खोली हवी होती. पुण्याच्या दोन बहिणींनी ‘तळविहीर’ नावाचा गेम केला होता. अंधाऱ्या पायविहिरीत बारा पायऱ्या उतरायच्या, दर पायरीला कुणीतरी आडवं येतं आणि तळाशी भस्म्या बसलेला असतो. त्यांनी तो मला बाहेर यायच्या आधीच खेळायला दिला होता. गेम निघेल त्या आठवड्यात रोज दुपारी मी तो खेळायचा आणि त्यांच्या पानावरून सगळ्यांनी मला पाहायचं, असं ठरत होतं. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतका भरवसा कुणी टाकला नव्हता. एकच अडचण होती. थोरली बहीण ऋजुता मला म्हणाली, “आवाजाचं बघा ना काहीतरी. मागे सतत दळण चालू असल्यासारखं वाटतं.” दळण नव्हतं, ती सात मशिनं होती. दोन आठवडे उरले होते.

म्हणून त्या दिवशी माझा तोल गेला.

“आई,” मी म्हणालो, “तुझ्यासारखं सगळं गोळा करत बसलं तर चौथ्या पायरीखाली कुणी जात नाही. तुझा कॅट म्हणजे आपली मागची खोली होईल. नुसती अडगळ. एकाही वस्तूचा कुणाला उपयोग नाही.”

पुढच्या खोलीतली मशिनं थांबली. क्लासच्या मुली ऐकत होत्या.

“एकाही वस्तूचा?” आई म्हणाली.

“एकाही.”

“बरं. मग मी खेळून दाखवते. एकही पत्ता न टाकता. तळापर्यंत.”

लिहिणाऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. माझा मित्र तौफिक दुसऱ्या लॅपटॉपवर बसून त्या गर्दीला शिस्त लावायचा. त्याने तिथल्या तिथे अटी लिहून काढल्या. काकूंनी दुकानात एकही पत्ता काढायचा नाही. भस्म्या हरला तर हेरंबने, म्हणजे मी, खोलीचं नाव जन्मात काढायचं नाही. काकू मेल्या तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी.

“काकू मेल्या असं लिहू नकोस रे,” आई म्हणाली. “काकू हरल्या लिही.”

“चुकलं काकू.”

“सगळी खोली हं, आई,” मी म्हणालो.

“सगळी.”

“शब्द?”

“मंगळवारी ब्लाउज देते म्हटलं आणि बुधवारी दिला, असं कधी ऐकलंस?” आई म्हणाली आणि पुढे जाऊन मुलींवर ओरडली, “काय बघताय? काजं करा.”

रविवारी दुपारी तीनला ती टेबलाशी बसली. इस्त्रीची साडी नेसली होती, कारण लोक बघणार होते. सहाशे चाळीस लोक जमले होते. वडील पुढच्या खोलीत पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हतं. तौफिक आईच्या शेजारी पंच म्हणून बसला आणि मी भिंतीला टेकून समालोचन करायला उभा राहिलो. मला माझ्या विजयाची खात्री होती. खरं तर सोमवारी खोलीला कुठला रंग द्यायचा हे मी ठरवून ठेवलं होतं.

“हे दहा तुमचे सुरुवातीचे पत्ते, काकू,” तौफिकने दाखवलं. “पाच काठ्या, चार घोंगड्या, एक दिवा. काठी मारायला, घोंगडी अंग वाचवायला. दिवा लावला की पुढच्या खेपेला हातात काय येणार ते दिसतं.”

“कळलं. वीज गेल्यावर लागतं तेच सगळं आहे.”

पहिल्या पायरीवरचा विंचू तिने काठीने मारला. तीन नवे पत्ते समोर आले.

“तिन्ही घेता येत नाहीत?”

“एकच, काकू.”

“मग राहिलेल्या दोघांचं काय होतं?”

“ते जातात.”

हे तिला मुळीच पटलं नाही. तिने बराच वेळ विचार करून कोयता घेतला आणि उरलेल्या दोन पत्त्यांकडे, माहेरवाशीण परत पाठवताना बघावं तसं बघितलं.

तिसऱ्या पायरीवर दुकान लागलं. दुकानदार म्हणाला, नाणी द्या, नकोसा पत्ता काढून देतो.

“माझीच वस्तू टाकायची आणि वर पैसेही मीच द्यायचे?” आई म्हणाली. “हा इसम शहाणा दिसतोय.”

तिने त्याच्याकडचे स्वस्तातले चार पत्ते विकत घेतले, आणि पुढच्या दुकानांतही तेच करत गेली. मी समालोचनात म्हणालो, “मंडळी, बघा, याला म्हणतात कॅट फुगवणं. आता हवा तो पत्ता हवा तेव्हा येणार नाही.” आणि तसंच होत होतं. मारायची वेळ आली की हातात नुसत्या घोंगड्या यायच्या. सहाव्या पायरीला कॅटमध्ये एकोणतीस पत्ते होते आणि त्यांत तीन गोचिड्या. गोचीड म्हणजे शाप. तो पत्ता आपण घेत नाही, आपल्याला चिकटतो आणि हातातली जागा अडवून बसतो. तज्ज्ञ माणूस पहिल्या दुकानात पैसे मोजून ती काढून टाकतो.

पण आई मरत नव्हती. तिला घाई नव्हती. घोंगड्या आल्या तर पांघरून बसायची, दोन वार अंगावर घ्यायची, पुन्हा बसायची, आणि केव्हातरी कोयता आला की एक घाव घालायची. मी जी लढाई पाच मिनिटांत संपवायचो ती तिला वीस मिनिटं लागायची, पण ती पार व्हायची. मधेच उठून तिने दूध गॅसवरून उतरवलं. सहाशे चाळीस लोक थांबले.

नवव्या पायरीवर पाण्यात सात बायका उभ्या होत्या. हिरवी लुगडी, मोकळे केस. तळविहिरीतलं हे सगळ्यात वाईट ठिकाण. साठ तास खेळून मला तिथून धड बाहेर पडता आलं नव्हतं. दरवेळी निम्मा जीव तिथेच जायचा.

आईने माउसवरचा हात काढला.

“या आसरा आहेत का रे?”

“हो. मार.”

“आसरांना?”

“अगं, चित्र आहे ते.”

“देव्हाऱ्यातही चित्रच आहे. त्याला मारतोस का? आसरांची विहिरीवर ओटी भरतात, हेरंब. तुझ्या आजोळी दरवर्षी भरायचे.”

“इथे ओटी नाहीये. इथे काठी आहे.”

“मग मी नुसती बसते.”

आणि ती बसली. घोंगडी पांघरायची आणि पाळी सोडून द्यायची. एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हणालो, “मंडळी, आता फार वेळ लागणार नाही.” चौथ्यांदा तिच्या जीवाचा आकडा सातवर आला. पाचव्यांदा पडद्यावरचा रंग बदलला. सातही बायका बाजूला झाल्या, पाणी दुभंगलं, मधून पायऱ्या दिसल्या आणि एक पत्ता वर आला. नारळ, तांदूळ, खण. ‘ओटी’. जीव पूर्ण भरला.

तौफिक उठून उभा राहिला. असा पत्ता गेममध्ये आहे हे आम्हां दोघांना माहीत नव्हतं. लिहायच्या चौकटीत ऋजुताचं नाव चमकलं. तिने लिहिलं होतं, ‘हे आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. तीनशे लोकांनी गेम खेळून पाहिला. आजपर्यंत एकही माणूस थांबला नव्हता.’

“वाच रे काय लिहिलंय,” आई म्हणाली.

“काही नाही, तुझं कौतुक,” मी म्हणालो.

त्यानंतर मी समालोचन कमी केलं.

तळाशी पोचली तेव्हा आईच्या कॅटमध्ये एक्केचाळीस पत्ते होते. तळविहिरीचा तळ एक्केचाळीस पत्त्यांनी गाठणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. समोर भस्म्या बसला होता. हे पोट, हे तोंड. त्याचा नियम साधा. दर पाळीला तो भूक भूक करतो. हातातला एक पत्ता त्याला कायमचा खायला दिला तर तो तुम्हाला सोडतो, नाही दिला तर तुमचा जीव खातो. माझा कॅट अकराचा. त्याला चार पत्ते घातले की मला मारायलाच काही उरायचं नाही, म्हणून मी कायम या भस्म्याशी उपाशी भांडत आलो होतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं. एक्केचाळीस पत्ते. त्यातले तीस निकामी. आई त्याला रोज जेवायला घालून महिनाभर बसवू शकली असती. लागेल कधीतरी, लागेल कधीतरी म्हणत तिने जे जे जमवलं होतं ते ज्या वेळी लागतं, ती वेळ समोर बसली होती. दुकानातच टाकायचं नाही ही अट, भस्म्याला घालायला बंदी नव्हती. तिला फक्त ते कळायला हवं होतं.

मी गप्प बसलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. चांगली तीन पाळ्या मी गप्प बसलो, कारण मला खोली हवी होती.

पण तिन्ही पाळ्यांना तिच्या हातात नेमकी एकेक गोचीड आली. ती तिने आपण होऊन भस्म्याला दिली.

“घे. ही पण घे,” ती म्हणाली. “ह्या काही आपल्या नव्हत्या. चिकटल्या होत्या मेल्या.”

गोचिड्या संपल्या. चौथ्या पाळीला तिने काहीच दिलं नाही. भस्म्याने जीव खाल्ला. पाचव्या पाळीला तेच. लिहिणारे बोंबलायला लागले, ‘काकू, घोंगडी द्या’, ‘काकू, काहीही द्या’. तौफिकने माझ्याकडे पाहिलं. त्याने पंच म्हणून काही बोलायचं नव्हतं. पण त्याच्या नजरेत जे होतं ते मला सोसवलं नाही.

“आई,” मी म्हणालो, “त्याला खायला घाल. एवढे पत्ते आहेत. घोंगडी दे.”

“थंडीचं काय पांघरू मग?”

“अगं, ही शेवटची लढाई आहे. यापुढे थंडी नाही.”

“हा विरोधी पार्टीचा सल्ला आहे,” आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली आणि हसली.

ती कोयत्यावर कोयता घालत राहिली, वार अंगावर घेत राहिली. भस्म्याचा जीव सहावर आला. तिचा चारवर. तिने दिवा लावला आणि पुढच्या खेपेचे पत्ते दिसले: दोन कोयते. भस्म्याला एक कोयता पुरत होता. म्हणजे ही एक पाळी काढली की आई जिंकली होती. हातात एकच पत्ता उरला होता. काठी. सुरुवातीच्या पाचांतली एक. ती मारून भस्म्याला काही होणार नव्हतं. ती त्याला खायला दिली असती तर खेळ संपला असता, आणि माझी खोलीही गेली असती.

“दे काठी,” मी म्हणालो. मीच म्हणालो. माझा खोलीचा रंग, गेमचा आठवडा, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं होतं. खेळणाऱ्या माणसाला जिंकलेला डाव फुकट जाताना बघवत नाही.

“ही पहिल्या पायरीपासून आहे,” आई म्हणाली.

“हो, पण सगळ्यात निकामी पत्ता आहे तो. या गेममध्ये त्याच्याहून निकामी पत्ता नाही.”

“मग तर झालंच. तिला दुसरं कोण ठेवून घेईल?”

“आई, ती दिलीस की तू जिंकलीस. कळतंय का तुला?”

“कळतंय,” आई म्हणाली. “तीन तास झाले खेळतेय, मला काय कळत नाही?”

आणि तिने ‘पाळी संपली’वर बोट दाबलं. भस्म्याने तोंड उघडलं. पडदा काळा झाला.

आई खुर्ची मागे सारून उठली. “हरले,” ती म्हणाली. “खोली तुझी. उद्या दहाला लिंगाप्पाला बोलावते. तौफिक, चहा घेऊन जा.” पुढच्या खोलीत वडिलांनी पेपरचं पान उलटलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. थोडं वाईट वाटलं, पण आनंद जास्त झाला. झोप छान लागली.

लिंगाप्पा आमच्या भागातला भंगारवाला. तो दहाच्या ठोक्याला हातगाडी घेऊन आला. आईने पदर खोचला होता. मी दार जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं आणि वरचं गाठोडं ओढलं. ते जड होतं, आत काहीतरी खडखडलं. आईच्या निळ्या साडीत बांधलेलं, आणि गाठीला टाचणीने चिठ्ठी लावलेली.

ती चिठ्ठी मी ओळखली. क्लासमध्ये येणाऱ्या प्रत्येक कपड्याला आई तशी चिठ्ठी लावायची. गिऱ्हाइकाचं नाव, कुठला कपडा, काय राहिलंय. ज्याचं काम अर्धं राहिलं आणि जे न्यायला कुणी आलं नाही, ते ती वेगळं ठेवायची. त्याला ती ‘अपुरं’ म्हणायची. क्लासच्या मुलींना ती सगळ्यात आधी हेच शिकवायची: अपुरं कापड टाकायचं नसतं. ते आपलं नसतं. गिऱ्हाईक कधीही येतं.

चिठ्ठीवर तिच्या अक्षरात होतं: ‘हेरंब. स्केटिंग. चौथी. डाव्या बुटाचं एक चाक.’

मी गाठ सोडली. आत माझे स्केटिंगचे बूट होते. पॉलिश केलेले.

“ते नंतर बघ,” आई म्हणाली. “लिंगाप्पा खोळंबलाय. शब्द म्हणजे शब्द.”

मी दुसरं ओढलं. ‘हेरंब. तबला. सहावी. डग्ग्याची शाई.’ तिसरं. ‘हेरंब. डिप्लोमा. पहिलं वर्ष. दोन विषय.’ त्यात ड्रॉइंग बोर्ड होता, त्यावर मी अर्धवट काढलेला नटबोल्ट अजून चिकटवलेला. ‘हेरंब. मशरूम.’ एवढंच, पुढे तिला काय लिहावं ते सुचलं नसावं. आत जाळ्या आणि टोपल्या घडी करून ठेवलेल्या. ‘हेरंब. कलेक्टर. पुस्तकं.’ ती बावीस होती. पहिल्या पुस्तकाची पहिली अठरा पानं मी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. एकोणिसाव्या पानापासून ते पुस्तक कोरं होतं, आणि उरलेली एकवीसही.

मी खाली बसलो आणि एकेक सोडत गेलो. कॅमेरा दुरुस्ती. पोहण्याचं. संस्कृत. शेअर बाजार. चौदा उद्योग होते, एकेकाची तीन-चार गाठोडी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर गिऱ्हाईक एकच होतं. श्रीखंडाचे डबे, छत्रीच्या काड्या, दोरे, यांतलं त्या खोलीत काहीही नव्हतं. ते सगळं स्वयंपाकघराच्या माळ्यावर होतं. कुणाच्या उपयोगाची नाही म्हणून मी सहाशे चाळीस लोकांसमोर जिची नाचक्की केली होती, ती अडगळ मी होतो. मला भयंकर लाज वाटली, आणि तोंड धुवायला म्हणून मी मोरीत गेलो.

परत आलो तर आई तबल्याचं गाठोडं गाडीवर चढवत होती.

“खाली ठेव,” मी म्हणालो.

“का?”

“राहू दे.”

“राहू दे काय? हरलेय मी.”

“आई, मला नकोय खोली.”

“तुला हवी-नको हा प्रश्न नाही. मी शब्द दिलाय. सगळ्या महाराष्ट्रासमोर दिलाय. लिंगाप्पा, उचल.”

“लिंगाप्पा, ठेव,” मी म्हणालो.

लिंगाप्पाने डग्गा दोन्ही हातांत धरला आणि उभा राहिला. “तुम्ही दोघं आधी ठरवा,” तो म्हणाला. “मी तोवर इथंच आहे.”

अर्धा तास आम्ही भांडलो. आयुष्यभर जी बाई काडी टाकत नव्हती ती एकेक वस्तू गाडीवर फेकत होती, आणि सव्वा वर्ष ‘टाका, मोह ठेवू नका’ म्हणून घसा कोरडा करणारा मी त्याच वस्तू उतरवून घेत होतो. क्लासच्या मुली आल्या आणि दारातच थांबल्या. शेवटी मीच उपाय काढला.

“हे बघ,” मी म्हणालो, “अट काय होती? खोली रिकामी. गाठोडी मधून काढू आणि भिंतीला लावू. चारी भिंतींना, छतापर्यंत. मधे माझं टेबल. मधली खोली रिकामी झाली की नाही?”

आईने विचार केला. शिवणाऱ्या बाईला असल्या मापातलं लगेच कळतं. तिने गळ्यातली टेप काढली आणि भिंती मोजल्या.

“बसेल,” ती म्हणाली. “पण गाठी नीट मार. आणि चिठ्ठ्या बाहेरच्या बाजूला येऊ देत.”

दुपारपर्यंत मी ती गाठोडी रचली. मधे उभं राहून टाळी वाजवून बघितली, तर आवाज घुमला नाही. दार लावलं आणि पुढच्या खोलीतल्या सात मशिनांपैकी एकही ऐकू येईना. जुन्या साड्यांच्या चार भिंती होत्या त्या. संध्याकाळी मी ऋजुताला दोन मिनिटं बोलून पाठवलं. तिने विचारलं, “स्टुडिओ बांधलात की काय?”

टेबल आत सरकवत होतो तेव्हा आई दारात आली. सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, “त्या कोपऱ्यात काही लावू नकोस. खिडकीच्या डाव्या अंगाला.”

“का?”

“एका गाठोड्याची जागा ठेव.”

“कसलं गाठोडं?”

आईने माझ्या कॉम्प्युटरकडे, माइककडे आणि दोन दिव्यांकडे पाहिलं. कापडाचा अंदाज घ्यावा तसं पाहिलं.

“याचं लागेल ना कधीतरी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. “साडी काढून ठेवलीय मी. पिवळी.”

याला आता नऊ वर्षं झाली. मी त्याच खोलीत बसतो आणि तेच करतो. तो कोपरा अजून रिकामा आहे. आई दर शनिवारी तो झाडून घेते.